पायरीवरचा बजरंग

फ्रेम परत आली तेव्हा अजिनाथ आपल्या फोटो स्टुडिओत एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांची डोकी बसवत होता. एकतीस डोकी बसली होती. बत्तिसावं नुकतंच व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, आणि ते पहिल्याच ओळीत पाहिजे होतं.

गोरक्षने फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली. गोरक्ष जेसीबी चालवायचा. आवाजही त्याचा तसाच.

"भाऊ, सगळ्या पाव्हण्यांत इज्जत घालवली तुमी."

"काय झालं?"

"काल वास्तुशांती झाली. फुडच्या खोलीत फोटू लावला. माझा चुलतसासरा फोटूपुढं हात जोडतो अन् आईला इचारतो, ह्यो तुमचा धाकटा का? कधी वारला?"

सविता पासपोर्ट फोटो कापत होती. तिची कात्री थांबली. मग ती भिंतीकडे तोंड करून हसू लागली. नवऱ्याच्या चुका ती अशाच मोजायची, पाठमोरी.

अजिनाथने फ्रेम सुलटी केली. डावीकडे गोरक्षचा बाप बजरंग, उजवीकडे त्याची बायको लंकाबाई. मागे बर्फाचे डोंगर.

तिसगावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर नवीन घर झालं की पुढच्या खोलीत आईवडिलांची जोडी लावतात. गंमत अशी की बहुतेक जोड्या जन्मात कधी एका फोटोत उभ्या राहिलेल्या नसतात. मग अजिनाथ त्यांना उभं करतो. एक चेहरा आधार कार्डातून काढायचा, दुसरा कुणाच्या लग्नाच्या गर्दीतून. मिटलेले डोळे उघडायचे. उघड्या अंगावर कोट चढवायचा. मागे बंगला, धबधबा, नाहीतर बर्फ. पंधरा वर्षं त्याने हेच केलं. या जोडीचंही त्याने मन लावून केलं होतं. उजेड जुळवला, सावली जुळवली, नजर जुळवली. वय जुळवायचं राहिलं. बजरंग अठ्ठाविसाव्या वर्षी गेला होता. लंकाबाई आता बासष्टच्या होत्या.

त्या मागून सावकाश आल्या आणि पासपोर्टच्या स्टुलावर बसल्या.

"त्याला कशाला बोलतो रं," त्या लेकाला म्हणाल्या. "म्हातारी म्या झाले. त्ये न्हाई झाले."

"आईला तरनी करा," गोरक्ष म्हणाला. "मोबाईलवर फुकट हुतंय ते."

मोबाईलवर होणारं तोंड अजिनाथला माहीत होतं. तरी त्याने केलं. सुरकुत्या गेल्या, रंग उजळला, नाक सरळ झालं. लंकाबाई पडद्याजवळ वाकल्या.

"ही कोन बाई?"

"तुम्हीच, मावशी."

"म्या? माझं नाक असं कवा हुतं? परक्या बाईला नवऱ्याशेजारी बसवलीस व्हय रं?"

सविताची कात्री पुन्हा थांबली.

अजिनाथने फाईल बंद केली. अशा वेळी तो मागच्या भिंतीकडे बघायचा. तिथे त्याची स्वतःची चित्रं होती. डोंगराएवढी शेळी, आणि तिच्या पाठीवर झोपलेलं गाव. ज्वारीचं कणीस, दाण्यादाण्यात एकेक डोळा. आणि एक बारव, जिच्या पायऱ्या तळाशी चांदण्यात उतरत होत्या. फोटो त्यानेच काढलेले, जोडलेले त्यानेच. फ्लेक्सच्या डोक्यांतून वेळ उरला की तो हेच करायचा. ढगाला मूळ का नसतं, विहिरीत वाकून पाहिलं तर आपण खाली असतो की वर, असले प्रश्न त्याला पडायचे. गिऱ्हाइकांना पडायचे ते वेगळे. शेळी कुणाची? बारव कुठली? जायला रस्ता हाय का?

तो वैतागायचा. "कुठलीच नाही हो," असं त्याने किती वेळा सांगितलं असेल. लोक म्हणायचे, सांगायचं न्हाई म्हना की.

"त्येंलाच म्हातारं कर," लंकाबाई म्हणाल्या.

त्यात तीन दिवस गेले. त्या रोज सकाळी यायच्या, अजिनाथच्या खुर्चीला खुर्ची लावून बसायच्या, आणि तो माउस हलवायच्या आत बोलायच्या.

"केस पांढरं कर, पर टक्कल नको. त्येंच्या घरात कुनाला टक्कल न्हाई."

"बरं."

"कान का वाढवतो?"

"वयाबरोबर कान मोठे होतात, मावशी."

"त्येंचं नसतं झालं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मला न्हाई तर तुला ठाऊक?"

अजिनाथने कान लहान केले. गाल आत घेतले. डोळ्यांखाली कातडी ओघळवली. फोनवरून गोरक्ष कोट आणि टाय मागत होता. टायचा रंगही त्याने कळवला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा पुरा झाला. काम खरंच चांगलं उतरलं होतं. अजिनाथ मागे सरकला.

लंकाबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग त्या ताडकन उठल्या.

"ह्यो तर काकासाहेब!"

"कोण काकासाहेब?"

"माझा दीर! बांध कोरून कोरून आमच्या रानाची चार तासं खाल्ली मेल्यानं. अकरा वरसं त्याच्याशी बोलले न्हाई. त्याला माझ्या शेजारी बसवतो? अन् वर टाय?"

सविता आता काउंटरखाली वाकून काहीतरी शोधत होती. काही सापडत नव्हतं, आणि खांदे हलत होते.

अजिनाथने माउस आपटला.

"मग मी काय करू, मावशी? भाऊ भावासारखाच दिसणार. जो माणूस म्हातारा झालाच नाही, त्याचं म्हातारं तोंड मी आणू कुठून? ते तोंड कुठंच नाही. ते झालंच नाही!"

बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं. लंकाबाई पुन्हा खाली बसल्या. पिशवीतून त्यांनी बजरंगचा मूळ फोटो काढला. मढीच्या जत्रेतला. तंबूतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे पत्र्याची मोटारसायकल, तिच्यावर बजरंग. छाती काढून बसलेला, पाय अनवाणी.

"पडदा खराब हुतो म्हनून चपला काढाया लावल्या त्या फोटूवाल्यानं," त्या म्हणाल्या. "टायरच्या हुत्या. नव्या. जत्रंत कोन पळवील म्हनून म्या हातात घिऊन भाईर उभी. गोरक्ष कडंवर. ह्ये म्हनले, तू बी ये. म्या म्हनलं, फुडल्या जत्रंला दोघं काढू."

पुढली जत्रा बजरंगने पाहिली नाही. तेवढं अजिनाथला गोरक्षने सांगितलेलं होतं.

लंकाबाई मागच्या भिंतीकडे बघत होत्या.

"ही बारव कुठली?"

अजिनाथने डोळे मिटले. "कुठलीच नाही, मावशी. पायऱ्या कर्जतकडच्या एका बारवेच्या. आभाळ गर्भगिरीच्या डोंगरावरचं. खाली तारे आहेत."

"पानी?"

"पाणी नाही."

"मंग बरुबर हाय. पायऱ्या किती हायेत?"

आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने स्वतःही मोजल्या नव्हत्या. त्याने बारवेची फाईल उघडली, आणि दोघांनी पडद्यावर बोट ठेवून मोजल्या. एक्केचाळीस भरल्या.

"कमी पडत्यात," लंकाबाई म्हणाल्या. "बासष्ट कर. वरून अठ्ठाविसाव्या पायरीवर ह्येंला बसीव. हाय तसं. कान बी हाय तसंच. म्या खाली बासष्टाव्या."

हे चित्र अजिनाथने दोन वर्षांपूर्वी भिंतीवर लावलं होतं. ते कशाचं आहे हे त्याला आज कळत होतं. थोडा रागच आला त्याला.

"आन् चपला माझ्या हातात दे," त्या म्हणाल्या.

त्यासाठी नवा फोटो हवा होता. समोरच्या बँकेला पायऱ्या होत्या. अजिनाथने लंकाबाईंना तिथे उभं केलं, हातात स्वतःच्या जुन्या चपला दिल्या. बाजाराचा दिवस. लोक थांबले.

"म्हातारे, चपला इकायला काढल्या का?"

"तुझ्या मापाच्या न्हाईत. चल, व्हय फुडं."

"बँकेनं कर्ज न्हाई दिलं वाटतं, चपला काढल्या हानायला."

"मावशी, वर बघा," अजिनाथ ओरडत होता. "यांच्याकडे नको. वर!"

त्यांनी वर पाहिलं. बँकेच्या पाटीवर कबुतर बसलेलं होतं. पण अजिनाथच्या कॅमेऱ्यात जी नजर आली ती कबुतराकडे पाहणारी नव्हती. त्याने एकच फोटो काढला.

गोरक्ष फ्रेम न्यायला आला आणि सुन्न झाला.

"हे काय? दादा केवढंसं दिसत्यात! एवढ्या लांब? टाय तर दिसतच न्हाई."

"टाय नाही," अजिनाथ म्हणाला.

"आई, लोक काय म्हनतील? दादाला इतक्या लांब बसवलं?"

"त्ये कुठं लांब गेलेत?" लंकाबाई म्हणाल्या. "त्ये हायेत तिथंच हायेत. म्या लांब आले."

जेसीबी बंद पडल्यासारखा गोरक्ष उभा राहिला. मग फ्रेम छातीशी धरून निघून गेला.

पुढे जे झालं त्याने अजिनाथ जास्त वैतागला. गोरक्षच्या घरी फोटो बघून गेलेले लोक स्टुडिओत येऊ लागले. "त्ये पायऱ्यावालं द्या." सविताने आल्बममध्ये बारव चिकटवली, धबधबा आणि बर्फाच्या मधे. खाली लिहिलं, नंबर नऊ. दोन वर्षांचं चित्र, त्याचा बॅकग्राउंड झाला. एकाला पायऱ्यांवर संगमरवर हवा होता. एकाला ताऱ्यांत जावई. एक बाई म्हणाली, माझं वय लोकांत कळतंय, माझ्या दहा पायऱ्या काढा. अजिनाथ प्रत्येकाला सांगायचा की हे चित्र आहे, जिना नाही. ते ऐकून घ्यायचे आणि मग वयं सांगायचे. वडील एकोणपन्नास, आई चौऱ्याहत्तर. तो मोजून पायऱ्या जोडत बसायचा.

वर्षाने, मढीची जत्रा होऊन गेल्यावर, लंकाबाई आल्या. काखेत टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम. ती त्यांनी काउंटरवर ठेवली. या वेळी सुलटी.

अजिनाथ खुर्चीतून उठला. "आता काय झालं? कुणी काय म्हणालं?"

"कुनी काय म्हनंल?" त्या स्टुलावर बसल्या, पदराने घाम पुसला. "मला त्रेसष्ट लागलं. एक पायरी वाढीव."

"दर वर्षी आणणार का मावशी ही फ्रेम?"

"म्या असंल तवर. मंग बंद करू."

सविता या वेळी हसली नाही. तिने कात्री खाली ठेवली आणि चहा सांगायला उठली.

पडद्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाची पंचेचाळीस डोकी बघत होती. अजिनाथने कपाळाला हात लावला. मग फ्रेम उलटी करून मागचे खिळे उपसायला पक्कड शोधू लागला.