बेबीनंदानं पोरं परत गायला बसवली

आमची बेबीनंदा गेली त्याला अजून वर्ष न्हाई झालं. लोक इचारतेत, येवढी शिकून पोरगी करत काय होती? तर शाळेत गाणं कशाला शिकवायचं, कसं शिकवायचं, सरकारी धोरण काय म्हणतंय आन वर्गात खरं काय होतंय, ह्याच्यावर तिची पीएचडी चालू होती. कागदावर गाण्याचा तास हाये बराबर. वर्गात त्या तासाला गणित घेतेत.

वाटूरकडं एका शाळेत मातर भारत सर होते. गाण्याचे कंत्राटी मास्तर, सोताची बाजाची पेटी घेऊन यायचे. नंदा पीएचडीच्या पाहणीला तिथं गेली; शिक्षण खात्याच्या साहेबानं परवानगी देताना अहवाल मागितला होता. एकेका पोराला खोलीत बोलावलं, समोर उभं केलं, "गा बाळा." पोरं अंगठ्यानं फरशी उकरायली. एक जण "मॅडम, पाणी पिऊन येऊ?" म्हणून पळालं ते आलंच न्हाई. नंदानं बहुतेकायला शून्य दिलं.

भारत सर म्हणले, "मॅडम, हे वर गेलं तर साहेब म्हणतील, पोरायला काहीच येईना तर मास्तर कशाला? तास बंद करतील."

"मंग मी खोटं लिहू का सर?"

"तसं न्हाई म्हणत मी," म्हणले, आन गुमान पेटी बांधायला लागले.

तिला जेवण गोड लागंना. तेवढ्यात मंठ्याला चुलत बहिणीची हळद निघाली. बायांनी हिला धरलं, "गाण्याची डाक्टर होऊन राह्यली ना, म्हण की मंग एक!" नंदा उभी राह्यली, अर्धी ओळ म्हणली आन तिथंच अडकली. सगळ्या तोंडाकडं बघायल्या. तशी द्वारकामामीनं ती ओळ अर्ध्यातून उचलली, मागून बायांनी झेलली, आन नंदाचा आवाज त्यात कव्हा मिसळला तिचं तिलाच कळलं न्हाई. आपल्याकडं गाणं असंच असतंय. एकीनं टाकायचं, बाकीच्यांनी झेलायचं. शाळेत एकट्या पोराला उभं करतेत ते शिक्षा द्यायला.

आई, दुर्गाबाई, बाजूलाच होती. नंदा तिच्या कानात म्हणली, "आई, मी सगळं चुकीचं मोजलं गं."

"हळद तर लावू दे आधी!"

जुने मार्क सोडून नव्यानं मोजते म्हणली, तर युनिव्हर्सिटीतले तिचे गाईड सर फोनवर लई भडकले. "अहो, केलेलं काम पाण्यात घालता का? एकेकाचे मार्क लागतेत!"

"सर, म्या गाणं मोजलंच न्हाई. भेव मोजलं."

परत गेली शाळेत. ह्या बारीला पोरायमधी खाली बसली. आवाज तिचा फाटकाच, त्याच आवाजात एक ओळ म्हणली आन अर्धी सोडून दिली. मंग मागून मदीहा नावाच्या पोरीनं हळूच उचलली, आन मंग सगळा वर्ग असा वरडला की भारत सरची पेटी ऐकू येईना. कोण बेसूर होतं, कोण नुसतंच मांडी बडवत होतं. नंदानं ते बी जसंच्या तसं लिहिलं. साहेबानं वाचलं, तास ठिवला.

पीएचडी पुरी झाली न्हाई, दुखणं आधी आलं. जालन्याला दवाखान्यात पडून एकच घोर, "आई, तास चालू हाये का बघ ना." दुर्गाबाईनं भारत सरला फोन लावला.

"चालू हाये मावशी. हे घ्या, ऐका," म्हणले, आन फोन वर्गात धरला. दुर्गाबाईनं तो नंदाच्या कानाला लावला. पोरं बोंबलत होती नुसती. नंदा म्हणली, "आई, सरला सांग, मागच्यायचा आवाज येईना, त्यायला पुढं बसवा."