सोवळ्यातली पायताणे

२०१४ च्या सुमारास माझ्या नित्यपूजेवर संकट आले आणि ते टाचांच्या वाटेने आले. डहाणूजवळच्या आगर गावातल्या आमच्या घरी पहाटे स्नान करून, कोणाचा स्पर्श न होता वाळलेले सोवळे नेसून, देवघरातल्या थंड फरशीवर उभ्यानेच पूजा करायची, हा वडिलांपासून चालत आलेला नेम होता. आता मात्र अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत खिळा शिरल्यासारखे होई. पाठ तरुणपणापासूनच सकाळी ताठलेली असे. तिला मी वाताची प्रकृती म्हणून सोडून दिले होते. आरती संपेपर्यंत भिंत धरावी लागू लागली, तेव्हा पत्नी वैतागून म्हणाली, "मोडून घ्या एकदाचे पाय! मग देवच येईल तुम्हाला उचलून न्हाणीत न्यायला."

डहाणूच्या डॉक्टरांनी मुंबईच्या तज्ज्ञांकडे पाठवले. ते म्हणाले, "गुरुजी, ही दोन दुखणी नाहीत. मणक्यांचा दाहक संधिवातच तुमच्या टाचेत उतरला आहे." औषधे दिली, व्यायाम शिकवले आणि बजावले, की कठीण जमिनीवर अनवाणी उभे राहायचे नाही, सकाळी तर मुळीच नाही. नेमकी तीच माझ्या पूजेची वेळ. चिकूच्या वाडीत मी मऊ चपला वापरू लागलो. परंतु देवघरात पादत्राण ही कल्पनाच मनाला सहन होईना. पाय सोसत राहिले आणि त्या सोसण्यालाच मी तितिक्षा, सहनशीलतेचे तप, समजत राहिलो. दोन वर्षांत अशी वेळ आली, की पूजा सोडावी की चालणे, एवढाच प्रश्न उरला. कित्येकदा मनात येई, ज्याची सेवा करायची त्यानेच उभे राहण्याचे बळ का काढून घ्यावे?

त्या चैत्रात आम्ही उभयता डहाणूच्या महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलो. नेहमीप्रमाणे मी चपला दूर काढल्या. ऊन तापले होते, आणि देऊळ समोर दिसत असताना टाचेने दगा दिला. नारळाच्या दुकानाच्या पायरीवर मी मटकन बसलो. पत्नी पाणी आणायला गेली.

शेजारी गुजरातच्या सीमेवरच्या वेवजीकडचे एक वृद्ध जोडपे बसले होते. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले, पण मान न वळवता. सगळे अंगच वळवून. ती वळण्याची रीत मी ओळखली, कारण ती माझीही होती.

"पग दुखते काय, बापूजी?" बाईंनी विचारले. मी टाच दाखवली.

"आमच्या यांचीपण तशीच. कंबर लाकूड, टाच काच." असे म्हणून त्यांनी पिशवीतून जुन्या गोधडीची जाड पायताणे काढली. टाचेखाली कापडाचे अधिक थर घालून ती शिवलेली होती. "नवीनच आहेत. घाला."

"देवीच्या दारात पायात घालून कसा जाऊ?"

"चामडं थोडीच आहे? कापूस आहे. पाण्यात बुचकळा, सोवळ्यात वाळवा. धोतर नेसता ते कापडच ना?" मग देवळामागच्या डोंगराकडे हात करून त्या म्हणाल्या, "पोटुशी बाईला चढवेना म्हणून आई स्वतः खाली आली. ती तुमच्या टाचेवर रागवेल?"

गृहस्थ हसले. "घ्या, भाऊ. नाही घेतलीत तर घरी जाईपर्यंत हिचं भाषण मला ऐकावं लागेल."

ती कथा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, इतरांना भक्तिभावाने सांगतही होतो. देवी डोंगरावरून उतरली ती कोणा दुसऱ्यासाठी, असेच जणू मी धरून चाललो होतो. डोळे भरून आले. पायताणे घातली आणि उठलो. टाच दुखतच होती, पण तिने भार घेतला. पत्नी परतली, तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि त्या बाईंचे हात हातात घेतले. दर्शन घेऊन आम्ही बाहेर आलो, तेव्हा ते दोघे निघून गेले होते. नावही विचारायचे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून देवघरात मी कापडी पायताणे घालून उभा राहिलो. पत्नी माझ्याच जीर्ण धोतरांची नवी जोडी शिवून देई आणि रोजची धुऊन सोवळ्याच्या काठीवर वेगळी वाळत घाली. पहाटे त्या काठीखालून जाताना ओल्या कापसाचा वास येई. आज पत्नी हयात नाही. पण तो वास आठवला की ते सारे दिवस घरात परत येतात.

रोग गेला नाही. औषधांनी त्याचा जोर उतरला, व्यायाम चालू राहिले, पूजा सुटली नाही. २०१९ मध्ये आम्ही दोघे शेवटचे एकत्र देवीला गेलो, तेव्हा माझी मान वर होईनाशी झाली होती. पूर्वी मी गर्दीतून अगदी पुढे जाऊन उभा राहत असे. आता पुढे गेलो की केवळ देवीच्या पायांपाशीची फुले दिसत. पत्नीने कोपर धरून मला हळूच मागे घेतले. आणखी मागे, आणखी थोडे. मग देवीचे मुख पूर्ण दिसले.