अव्हल्शन म्हणजे तोडून नेणे

आमच्या आत्याचा राग गावात प्रसिद्ध होता, पण त्या वर्षी मी तिच्याहून जास्त चिडलो होतो. मी तेव्हा नंदुरबारला शाळेत इंग्रजी शिकवायचो. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. आजोबांनी तिला तापीच्या काठची जमीन नावावर करून दिली. मिरची, वांगी, उन्हाळ्यात डांगरं, सगळं ती स्वतः उभं राहून पिकवायची. कडुलिंबाखाली तिची बांधीव विहीर होती.

तिची जमीन नदीच्या वळणाच्या पोटात होती. त्या श्रावणात पूर आला आणि नदीने वळण सोडून सरळ वाट धरली, तीही जमिनीच्या अलीकडून, आमच्या गावाच्या बाजूने. पाणी ओसरलं तेव्हा जमीन जागच्या जागी होती, विहीर होती, कडुलिंबही होता. फक्त मध्ये नदी आली होती. पलीकडच्या काठच्या मोठ्या शेतकऱ्याने आठवडाभरात तिच्यात नांगर घातला. आत्या नावेने गेली तर तो म्हणाला, "नदीनी माले दिधी."

आम्ही वकील केला. पहिल्याच भेटीत त्याने मान हलवली. "बाई, ही अल्युव्हियन आहे. नदीने दिलेली जमीन काठवाल्याची होते, कायदाच तसा आहे. अर्धी घ्या आणि समजुतीने मिटवा."

बाहेर आल्यावर आत्याने माझा हात धरला. "तू पोरेसले इंग्रजी शिकाडस ना? हाऊ सबद काय शे?"

मी शाळेतला जाडा शब्दकोश काढला आणि तिला अर्थ सांगितला. नदीने हळूहळू, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा गाळ आणून काठाला लावणे, म्हणजे अल्युव्हियन.

आत्या उठून उभीच राहिली. "हयूहयू? मन्ही विहीर हयूहयू चालत गई का? खोटं शे हाई!"

तिचं बरोबर होतं. मी पुन्हा शब्दकोशात डोकं घातलं. त्याच्याच जोडीचा दुसरा शब्द सापडला, अव्हल्शन. पाण्याने एकाएकी जमीन तोडून दुसरीकडे नेणे, किंवा नदीने अचानक पात्र बदलणे. अशा वेळी जमीन ज्याची त्याचीच राहते. मी त्याच संध्याकाळी वकिलाकडे गेलो. त्याने माझं बोलणं ऐकून घेतलं आणि पान लावत म्हणाला, "मला माहीत आहे तो शब्द, मास्तर."

"माहीत आहे? मग सांगितला का नाही?"

"साक्षीदार आणावे लागतात, न्यायाधीशसाहेबांना जागेवर न्यावं लागतं. खटला लांबतो. तुमच्या आत्याबाईंना त्यातलं काय कळणार?"

 ज्या बाईने ती जमीन हातांनी खुरपली, तिच्यापासून या माणसाने एक शब्द लपवला होता, केवळ स्वतःचे श्रम वाचवायला. मी त्याला म्हणालो, "कोर्टात तुम्ही हा शब्द मांडा, नाहीतर मी वकिलांच्या बार रूमच्या दारात उभा राहून सगळ्यांना सांगेन." आयुष्यात मी कुणाला दिलेली ती एकच धमकी. खटला उभा राहिला तेव्हा त्याने तो शब्द मांडला, पण तोंडातल्या तोंडात, लाज वाटावी तसा.

न्यायाधीशांनी मात्र तो ऐकला. त्यांनी आत्याला मराठीत विचारलं, "बाई, नदीला सरकायला किती वेळ लागला?"

आमचाच वकील मध्येच उठला. "साहेब, बाई अडाणी आहेत."

"मी त्यांना विचारलंय," न्यायाधीश म्हणाले.

आत्या एका हाताने पिंजऱ्याचा कठडा धरून, दुसऱ्याने त्या शेतकऱ्याकडे बोट दाखवत मोठ्याने बोलली, "साहेब, सकायले मी त्याच विहिरनं पानी शेंदं. दुफारले विहीर त्या बाजूले व्हती. नदीनी चोरी करी नही. या मानूसनी करी!"

न्यायाधीश जागेवर आले. विहिरीतला गाळ उपसला तेव्हा आजोबांनी बांधलेल्या पायऱ्या निघाल्या. आमच्या गावच्या चार म्हाताऱ्यांनी त्या ओळखल्या, म्हणजे ही जमीन नदीने आणलेला नवा गाळ नव्हती, तीच जुनी होती. जमीन आत्याची ठरली.

निकालाच्या दिवशी वकिलाने कोर्टाबाहेर लोक जमवले आणि तो अव्हल्शनचा अर्थ सांगू लागला, जणू त्यानेच तो शब्द पुरातून काढला होता. मी पुढे सरसावलो, पण आत्याने मला मागे ओढलं आणि ती स्वतःच त्याच्यासमोर गेली. "आते सांगस? मन्हा दोन पिकं त्यानी खाई टाकात, तव्हय तुन्ही जीभ कोठे व्हती?" लोक हसले नाहीत. वकील छत्री घेऊन चालता झाला.

पुढे आत्या रोज नावेने पलीकडे जायची. तो शेतकरी बांधावरून शिव्या द्यायचा. आत्या खुरपं हातात घेऊन त्याच्यापेक्षा मोठ्याने शिव्या द्यायची, आणि तिचा आवाज अलीकडच्या काठावर आम्हाला स्वच्छ ऐकू यायचा.