खरी तारीख सांगणारा टेलर

बारामतीत खरं बोलणाऱ्या टेलरचा धंदा चालत नाही. हे मी स्वतः चालवून, म्हणजे न चालवून, पाहिलेलं आहे.

नव्वदच्या दशकात स्टँडच्या मागं माझं टेलरिंगचं दुकान होतं. शिलाई चांगली, गिऱ्हाईक भरपूर आणि तोंडात कायम एकच शब्द, परवा. ब्लाउज कधी? परवा. पोराचा गणवेश? परवा. (गणवेश मिळेपर्यंत पोराची इयत्ता बदललेली असायची.) आणि एका रविवारी उपासनेत आमच्या पाळकसाहेबांनी प्रवचन दिलं की, देव काही फक्त चर्चमध्ये नसतो, तो तुमच्या दुकानातही बसलेला असतो आणि तिथं तुम्ही दिलेला शब्द ऐकत असतो. एवढी मंडळी बसलेली, पण साहेब नेमके माझ्याकडंच बघून बोलत होते. बायकांच्या रांगेतून माझी बायको एस्तेरही माझ्याकडंच बघत होती. मी गाण्याच्या पुस्तकात डोकं घातलं.

सोमवारी दुकानावर पाटी लागली. 'येथे खरी तारीख मिळेल. रविवारी दुकान बंद.'

पहिली आली ती वडगाव निंबाळकरची एक बाई, ब्लाउज घेऊन. मी हातातली कामं मोजली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, पुढच्या महिन्यात. तिनं कापड उचललं आणि समोरच्या टेलरकडं गेली. तो म्हणाला, परवा. बाई हसत हसत घरी गेली. तो दिवाळीच्या आधी देणार नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण तिचा दिवस तर चांगला गेला! माझं दुकान असं ओस पडलं की, एस्तेर रोजच्या प्रार्थनेत गिऱ्हाइकांसाठी वेगळी विनंती करायला लागली.

आणि ती ऐकली गेली. काटेवाडीचे तात्या आले. ऊसवाले बागायतदार, माझं जुनं गिऱ्हाईक. सोबत धाकटा मुलगा, काडीसारखा. त्याचं लग्न ठरलेलं, नवरदेवाचा सूट शिवायचा होता. लग्न कधी, कुठं, मी विचारलं. तात्या म्हणाले, सोमवारी दुपारी, इंदापुरात. मी म्हटलं, शनिवारी संध्याकाळी सूट घेऊन जा. तात्यांनी पाटी वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

त्या सुटासाठी मी बाकी सगळं बाजूला सारलं. पाळकसाहेबांची प्यांट माझ्याकडं ईस्टरपासून होती, तीही पुन्हा गठ्ठ्यात खाली गेली. शनिवारी दुपारीच सूट तयार. काय बसला होता! मी संध्याकाळभर दारात उभा. तात्या आले नाहीत. रविवारी दुकान बंद, पण पाच वेळा जाऊन कुलूप बघून आलो. सोमवारी सकाळीही कुणाचा पत्ता नाही.

दुपारी लग्न, नवरदेवाचा सूट माझ्याकडं आणि वऱ्हाड एव्हाना इंदापूरच्या वाटेला लागलेलं असणार. एस्तेर म्हणाली, "शब्द दिलाय ना? मग पोचवा." तिनं दोन वाक्यांत प्रार्थना केली, सूट हँगरला लावून हातात उंच धरला आणि स्कूटरवर मागं बसली. सगळा रस्ता लोक आमच्याकडं बघत होते.

इंदापुरात बँड ऐकू आला, त्या मंगल कार्यालयात आम्ही शिरलो. दारातच फेटा बांधलेले एक मामा धावत आले. "टेलर ना? अवो, किती वाट बघायची?" मी म्हटलं, तात्या कुठायत? ते म्हणाले, तात्या आत पंगतीत वाढतायत, तुम्ही आधी जेवून घ्या. आणि सूट घेऊन पसार. (कुठल्याही लग्नात एक तात्या असतोच, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.) आम्ही जेवलो. शब्द पाळल्यावर बुंदी किती गोड लागते म्हणून सांगू.

हात धुऊन मांडवात आलो, हातात अक्षता घेतल्या आणि नवरदेव समोर आला. माझ्या सुटात. पण कोटाची बटणं कशीबशी तग धरून होती आणि बाह्या कोपराकडं निघालेल्या. मुंडावळ्यांत तोंड नीट दिसेना. मला वाटलं, लग्न ठरलं की पोरं सुटतात. एस्तेर माझ्या कानाशी आली.

"अहो, हा आपला नवरदेव नाही."

तेवढ्यात मंगलाष्टका सुरू झाल्या. आता अक्षता पडताना नवरदेवाच्या अंगावरचा कोट कोण काढून घेणार? हार घालायला तो वाकला आणि वरचं बटण उडून भटजींच्या पुढ्यात पडलं. मी मामांना गाठून सगळं खरं सांगितलं. त्यांच्या टेलरनं त्यांना दगा दिला होता, म्हणून मला बघून त्यांना हायसं वाटलं होतं. बिचारे फार ओशाळले. पण सूट आता कसा उतरवायचा? माझा हात हातात घेऊन म्हणाले, "परवा पाठवून देतो."

परतीच्या वाटेवर काटेवाडीला थांबलो. बघतो तर तात्या निवांत ओसरीवर बसून मांडववाल्याशी बोलतायत.

"आज लग्न होतं ना?" मी विचारलं.

"न्हाय वो, गुरवारी हाय. टेलरला कुणी खरी तारीख सांगतं व्हय?" तात्या हसत सुटले. मग त्यांचं लक्ष माझ्या रिकाम्या हातांकडं गेलं. "सूट कुठं हाय, मास्तर?"

मी सांगितलं. सगळं, बुंदीसकट. तात्यांचं हसू मिशीतच विरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी विचारलं, दुसरा कधी देता? मी मनाशी हिशेब केला. सोमवार आज, दुसरं काम हाती घ्यायचं नाही, एस्तेर काजं करेल. बुधवारी नक्की. खरी तारीख माझ्या तोंडातून बाहेर पडली.

"परवा."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "झालं. पोरगं बनेलवर उभं ऱ्हातंय आता."

मंगळवारी उजाडताच तात्या भाकरी बांधून दुकानात हजर. मशीनपाशी स्टूल ओढून बसले, ते सूट हातात पडल्यावरच उठले. बुधवारीच पडला. माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा परवा, आणि त्यावर कुणाचा काडीचा विश्वास नव्हता. गुरुवारी लग्न थाटात झालं. इंदापूरच्या मामांचा परवा मात्र अजून उजाडायचा आहे.

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब दुकानात आले. सलाम झाला. त्यांनी पाटी वाचली, मान डोलावली आणि हळूच विचारलं, "माझी प्यांट?"

आता त्यांच्यासमोर कसलं खोटं बोलायचं? मी म्हटलं, "साहेब, पुढचा महिना उजाडेल."

ते निघाले, पायरीपर्यंत गेले आणि परत फिरले. एकदा त्यांनी वर आभाळाकडं पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "परवा म्हणा की. तेवढाच धीर येतो."

पाटी मी त्याच संध्याकाळी काढायला घेतली. खिळा निघेना, तेव्हा एस्तेरनं विचारलं, कधी निघेल? मी म्हटलं, परवा.