गॅसवाल्या देशातलं स्थळ

कोराडीच्या वीजकेंद्राजवळ माझा अख्खा जन्म गेला. इथली वीज कुठल्या कुठे जाते, राख मात्र माझ्या पापडांवर पडते. त्यामुळे आपला माल बाहेर विकून देश कसा श्रीमंत होतो, हे मला कोणी सांगायला लागलं की हसू येतं.

नातीला स्थळ आलं. मुलगा आखाती देशात गॅसच्या कारखान्यात कामाला. त्याचा मामा आमच्या सोफ्यावर बसून भाच्यापेक्षा त्या देशाचंच जास्त कौतुक करत होता.

"मावशी, जहाजं भरभरून गॅस विकते तो देश. त्या पैशात शाळा, दवाखाने, सगळं फुकट."

"कोणाले फुकट?" मी विचारलं.

मामा चिवडा चावत राहिला. सुनेला स्थळ पसंत होतं, म्हणून ती डोळे वटारून मला दटावत होती. मी मामाशेजारी बसलेल्या नवऱ्या मुलाकडे वळले. "तू सांग गा. तुया वाट्याले काय येते, गॅस का राख?"

मुलगा हसला. "आजी, फुकटचं त्यांच्या लोकांले. मले पगार भेटते, चांगला भेटते. काम संपलं का वापस पाठवतात."

मी आत जाऊन नातीला म्हटलं, "मामा फेकून राहिला, पोरगा खरं बोलते. वापस आला तं चालते काय वं तुले?"

"चालते. पण कोराडीत नाही राहणार."

आता दोघं तिकडे आहेत. त्या पगारातून नागपूरच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरला घर झालं, त्याची किल्ली माझ्याकडे आहे. परक्या देशानं गॅस विकला म्हणून त्या घराच्या गच्चीवर माझे पापड पांढरे वाळतात.