सत्काराची शाल

परवा ओतूरला सत्कारात मला शाल मिळाली. नव्या शालीच्या त्या वासानं अजूनही माझं डोकं फिरतं.

दरडीच्या भीतीनं आमची वाडी शाळेत हलवली होती, तेव्हाची गोष्ट. आत्या पायांनी अधू आणि संडास चिखलापलीकडे, पायऱ्या चढून. म्हणून तिनं सकाळपासून पाणीच तोंडाला लावलं नव्हतं. दुपारी पुढारी आले. तिच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो काढला.

"शाल ऱ्हाऊ द्या भाऊ," आत्या म्हणाली, "आडोसा करून एक बादली द्या. लई तहान लागलीय."

सगळे खो खो हसले आणि गाड्यांत बसून गेले.

बादली मीच शोधली. वर्गाच्या कोपऱ्यात तीच शाल आडोशाला धरून उभी राहिले. मग कुठं आत्या घटाघटा पाणी प्यायली. त्याचा फोटो काढायला एक मेला थांबला नव्हता!