रेश्माच्या कागदावरचं ‘नाही’

रेश्मा गेली त्या दिवशी माझ्या चार्टवर ती हिरवी होती.

हिरवी म्हणजे वेळेवर. पिवळी म्हणजे मागे पडलेली. लाल म्हणजे कोर्स सुटण्याच्या बेतात.

आज वर्ष झालं. वर्षभर ही पोस्ट लिहायचं टाळलं. आज लिहितेय.

मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या, मुलांची मेंटर. कोणी कुठल्या सेमिस्टरला कुठले पेपर घ्यायचे, फिल्डवर्कचे किती तास भरले, किती राहिले, सगळं माझ्याकडे. बावीस मुलं आणि एकही ड्रॉप नाही. मीटिंगमध्ये हे मी मान ताठ करून सांगायची.

रेश्मा कारापूरची. एकोणतीस वर्षांची, वर्गात सगळ्यांत मोठी. आधी पाच वर्षं अंगणवाडीत होती.

फिल्डवर्क पेडण्याच्या एका गावात. कारापूरहून डिचोली, तिथून म्हापसा, म्हापशाहून पेडणे. तीन बस. कधी उशीर नाही. कॉलेजला येताना म्हापशाच्या स्टँडवरून गरम उंडे, ते गोल पाव, आणायची आणि स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर ठेवायची.

“टीचर, चहाबरोबर खावा. थंड झाले की चिवट होतात.”

आता मुद्द्याचं.

दर महिन्याला प्रत्येक मुलाचा एक प्रगती-कागद भरायचा असतो. त्यात शेवटचा रकाना, ‘विद्यार्थ्याला काही अडचण?’ मुलाला समोर बसवून विचारायचं, तो सांगेल ते लिहायचं, मग त्याची सही.

मी काय करायची? महिन्याच्या पहिल्या दिवशी बावीसही कागदांवर ‘नाही’ लिहून ठेवायची.

वेळ वाचतो ना.

आणि वर्गात शिकवायची काय, तर माणसाचं ऐकून घ्यायला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिसऱ्या सेमिस्टरला, गणपतीच्या चवथीच्या आधी, ती सहीला आली. कागद बघून हसली.

“टीचर, हे आधीच भरलंय.”

“अगं, सगळ्यांचं तेच असतं. कर सही.”

पेन हातात घेऊन थांबली.

“टीचर, मधलं एक सेमिस्टर सोडलं तर चालतं?”

मी ‘का गं?’ विचारायला हवं होतं. दोन शब्द.

मी चार्ट पुढे ओढला. “वेडी काय तू? तुझा इलेक्टिव्ह एका वर्षाआड असतो. आता सोडलास तर दोन वर्षं लटकशील. त्यापेक्षा पुढचा पेपर आत्ताच घे. मग चौथ्याला नुसतं फिल्डवर्क. बघ, सगळं हिरवं आहे तुझं.”

ती चार्टकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं टीचर.”

आणि सही केली.

मला वाटलं, काय छान समजावलं मी.

जास्तीचा पेपर तिने घेतला. पासही झाली. त्याच सेमिस्टरच्या तिच्या रिपोर्टमध्ये पेडण्यातल्या बायकांची एक बैठक आहे. तिने त्यांना सांगितलं होतं, छातीत गाठ लागली तर लपवू नका, घरचं काम नंतर. मी समासात ‘व्हेरी गुड’ लिहिलं.

चौथ्या सेमिस्टरला ती डोक्याला स्कार्फ बांधून यायला लागली.

“स्कार्फ छान दिसतो गं तुला,” मी म्हटलं.

“उन्हाचा त्रास होतो, टीचर.”

मी मानलं. पेडण्याला ऊन असतंच.

मार्चमध्ये फिल्डवर्कला दोन आठवडे आली नाही. तिचा रंग पिवळा करायच्या आधी फोन करावा म्हटलं. तिच्या आईने उचलला, हॉस्पिटलमध्ये आहोत म्हणाली. तशीच हॉस्पिटलला गेले.

आई दोडामार्गची. बाहेरच्या बाकावर बसली होती. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

“डॉक्टरान चवथीच्या आधी ऑपरेशन करूक सांगल्यान होता,” ती म्हणाली. “तर ह्या रेश्मा म्हणाला, टीचरांका इचारून येतंय, मगे बघूया. परत इलां नि म्हणाला, आये, सगळा वेळेवर चल्लाहा, परीक्षा झाल्यार करूया.”

परीक्षा होईपर्यंत गाठ छातीतच राहिली नव्हती.

म्हणजे त्या दिवशी ती मला विचारायलाच आली होती. आणि मी तिला पेपर वाढवून दिला.

आत गेले. ती अर्धी झाली होती. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली,

“टीचर, माझे अठ्ठेचाळीस तास राहिले.”

“राहू देत गं.”

“लाल करू नका. आई विचारील, नापास झालंय काय म्हणून.”

“नाही करत.”

मग तिने डोळे मिटले. मला माफी मागायची होती. जमलं नाही. बाहेर येऊन आईच्या शेजारी बसले आणि रडले, तेव्हासुद्धा आईनेच माझ्या पाठीवर हात फिरवला.

बारा दिवसांनी ती गेली.

आता मी तो रकाना रिकामा ठेवते. मुलांना समोर बसवून विचारते आणि गप्प राहते. एकेकाला अर्धा अर्धा तास लागतो. माझी कामं मागे पडतात, पडू देत. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

एक विद्यार्थिनी परवा म्हणाली, “टीचर, तुम्ही किती विचारपूस करता आमची.”

रेश्माचे कागद माझ्याकडे आहेत. प्रत्येकावर माझ्या अक्षरात ‘नाही’. खाली तिची सही.

रेश्मा, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर आज देते.

चालतं गं. एक सेमिस्टर सोडलं तर चालतं. दोन सोडली तरी चालतात.

हे मला तेव्हा माहीत होतं.

तुझ्या टीचरचा तुला शेवटचा नमस्कार.